शिडावरच्या दोन रेघा

भरडखोल
ता. ४ नोव्हेंबर १९५४

भागुबाईंच्या चिरंजीवांस केसरचा नमस्कार.

तुमचं दिवाळीचं कार्ड भाऊबीज उलटल्यावर पोचलं. बोर्लीचा टपालवाला आधी स्वतः बघतो, मग वाटेत भेटेल त्याला दाखवतो, त्यामुळे तुमची होडी पहिल्यांदा साऱ्या कोळीवाड्यानं पाहिली आणि शेवटी मी. सगळे हसले. बुधाजी तांडेल म्हणाले, "ह्या होडीला भोक पडलंय. पानी भरतंय आत." खरंच हो, शाई एवढी पाझरली आहे की शिडाची कड कुठली आणि आभाळ कुठलं ते समजत नाही. एवढ्या लांब मुंबईला रंगाऱ्याच्या दुकानात जाऊन हेच शिकलात का?

मला मात्र ते कार्ड फार आवडलं. का आवडलं ते तुम्हाला ठाऊक आहे, तरी लिहिते. एकानं धरायचं आणि एकानं भरायचं, असं आपलं काम. घासलेटच्या डब्याचा पत्रा कापून तुम्ही कार्डं छापायचा साचा केलात, त्यात तुमच्या आबांची होडी पाडलीत, मधे डोलकाठीची बारीक पट्टी ठेवलीत, दोन बाजूंना दोन शिडं. ती पट्टी नेमकी उचलायची आणि शाई खाली शिरायची. तेव्हा मी माडाच्या झावळीचे दोन हीर, खराट्याच्या असतात तशा काड्या, काढून शिडावर आडवे टाकले आणि दोन्ही टोकं अंगठ्यांनी दाबून धरली. तुम्ही चिंधीचा बोळा फिरवलात, खालून निळा, वरून तांबडा, मधे दोघांचा जांभळा. पत्रा उचलला तर कड सुरीनं कापल्यासारखी, आणि हीर होते तिथं शिडावर दोन बारीक पांढऱ्या रेघा. तुम्ही म्हणालात, "राहू दे. शिडाच्या दोऱ्याच वाटतात." तेव्हापासून आपल्या प्रत्येक होडीला त्या दोन रेघा असतात.

ह्या कार्डावर त्या नाहीत. तुमचे दोन्ही हात बोळा आणि तिथला पुठ्ठ्याचा साचा सांभाळण्यात गुंतले, हीर धरणार कोण? म्हणजे तिथं तुमच्यापाशी कोणी नाही. एवढं कळलं आणि मला बरं वाटलं. नवरा एकटा आहे म्हणून बायकोला बरं वाटतं, हे वाचून हसाल. हसा.

आई खुशाल आहेत. कार्ड हातात घेऊन बराच वेळ बसल्या होत्या. आबांची होडी बुडाली त्याला इतकी वर्षं झाली, पण पत्र्यातली ती होडी बघितली की त्या अजून डोक्यावरून पदर घेतात. पाकिटावर तुमचं नाव दिनानाथ मास्तरांकडून लिहून घेतलं आहे. मास्तर म्हणतात, "अगं, लिहिलं तर काय नवऱ्याला पाप लागतं?" मी म्हटलं, तोंडानं घेत नाही ते हातानं कशाला घेऊ.

अंगणातली ती बरी आहे. तुमच्या नावामुळे तिचंही नाव मला घेता येत नाही. आई मुद्दाम विचारतात, "कुनाला पानी घातलंस गं?" मी म्हणते, "तिला." आणि त्या पदर तोंडाला लावून हसतात.

तुमची,
केसर


भरडखोल
ता. २५ नोव्हेंबर १९५५

भागुबाईंच्या चिरंजीवांस केसरचा नमस्कार.

शिमग्याला आलात तेव्हा ओटीवर बसून आईंच्या देखत म्हणाला होतात, "दिवाळीला केसरला घेऊन जातो. खोली बघतो. दोघं मिळून कार्डं करू, दुकानात ठेवायला लोक मागतायत." दिवाळी झाली. माझी ट्रंक भरलेली होती, ती मी परवा रिकामी केली. लुगड्यांना डांबराच्या गोळ्यांचा वास लागला आहे.

रागावून लिहीत नाही. मुंबईत खोली मिळत नाही हे सगळेच सांगतात. कार्ड पोचलं. अजून पाझरतं आहे, पण गेल्या वर्षीपेक्षा कमी. जांभळा मात्र सुरेख साधलात. निळा कुठं संपला आणि तांबडा कुठं लागला ते बोट ठेवून सांगता येत नाही.

वेणूबाईंच्या खानावळीत जेवण चांगलं मिळतं हे वाचून आईंचा जीव खाली पडला. त्यांच्याच माडीवर राहता, म्हणजे पावसात भिजत जेवायला जायला नको. त्यांची लेक कमळ तुम्ही कार्डं करताना बघत बसते असं लिहिलंत. बघू दे. आवड असेल तर शाई कालवायला शिकवा, बोळा बांधायला शिकवा. हीर धरायला शिकवू नका. ते काम माझं आहे, मी आले की करीन. थट्टा करते आहे.

शिमग्याला याल ना? आईंनी तुमच्यासाठी सोडे सुकवून ठेवले आहेत. मांजराला जवळ येऊ देत नाहीत.

अंगणातली ती बरी आहे.

तुमची,
केसर


भरडखोल
ता. १० नोव्हेंबर १९५६

भागुबाईंच्या चिरंजीवांस केसरचा नमस्कार.

कार्ड पोचलं. या वेळचं कार्ड गावात फार गाजलं. मास्तरांनी शाळेत नेऊन मुलांना दाखवलं. बुधाजी तांडेल म्हणाले, "आता ही होडी समुद्रात घालायला हरकत न्हाय." कुठं शाईचा डाग नाही, कुठं ओघळ नाही. कड अशी की नखानं चाचपून बघितलं तरी लागत नाही.

आणि शिडावर दोन पांढऱ्या रेघा.

छान आहे.

शिमग्यालाही आला नाहीत, गणपतीलाही नाही. दुकानात काम फार असणार. आईंना मी तेच सांगते. तुमची पत्रं मी त्यांना वाचून दाखवते, त्यात चार ओळी नसल्या तर माझ्या पदरच्या घालते. "आईची आठवण येते" हे गेल्या पत्रात तुम्ही लिहिलं नव्हतं, मी वाचलं.

एवढंच विचारायचं होतं की हीर कोणी धरले?

केसर


भरडखोल
ता. २५ नोव्हेंबर १९५६

भागुबाईंच्या चिरंजीवांस केसरचा नमस्कार.

उत्तर लगेच आलं, याचंच आधी नवल वाटलं. एरवी तुमचं पत्र महिना महिना वाट बघायला लावतं. तुम्ही लिहिता, "कोणी धरायला कशाला लागतं? दुकानातली लोखंडी वजनं ठेवली दोन्ही टोकांना, झालं काम. उगाच काहीबाही डोक्यात घेऊ नकोस."

मी डोक्यात घेत नाही. मी करून बघितलं. आपला पत्रा काढला, शाई कालवली, हीर टाकले आणि टोकांवर आईंच्या तराजूतली वजनं ठेवली. बोळा पहिल्यांदा फिरवला आणि हीर सरकला. वजन जड ठेवलं तर हीर मोडला. हीर जिवंत असतो, हे मला सांगता का तुम्ही? बोळा जसा फिरतो तसा तो वाकतो आणि अंगठ्याला कळतं, इकडं दाबायचं की तिकडं सोडायचं. वजनाला ते कळत नाही. माझ्या कार्डावर जी रेघ आली ती सापासारखी वळवळती. तुमच्या कार्डावरच्या रेघा सरळ आहेत. कोणीतरी जीव लावून धरल्या आहेत.

आणि मुंबईत माडाचा हीर आणलात कुठून? वेणूबाईंचा खराटा उपसलात का?

खोटं बोलायचं होतं तर कड थोडी पाझरू द्यायची होती. मी आणखी दहा वर्षं खूश राहिले असते. तुम्हाला कार्ड चांगलं करायची एवढी हौस, की बायकोला काय कळेल हेसुद्धा ध्यानात राहिलं नाही.

माझंच चुकत असेल तर तसं लिहा. मी तुमच्या पाया पडेन आणि हे पत्र चुलीत घाला. वाट बघते.

केसर


भरडखोल
ता. ४ मार्च १९५७

नमस्कार लिहायला हात होत नाही.

तुम्हाला माहीत नाही, मी मुंबईला आले होते. तुमचं उत्तर येईना तेव्हा बुधाजी तांडेलांची बायको सुकी मासळी घेऊन निघाली होती, तिच्याबरोबर दिघीहून बोटीनं आले. आईंना सांगितलं, हातभार लावायला जाते तिला. धक्क्यावर उतरलो, मासळी उतरवली आणि तिला म्हटलं, आलेच मी. पाकिटावरचा पत्ता मास्तर कितीदा लिहितात, मला पाठ आहे. विचारत विचारत गिरगावात तुमच्या गल्लीत पोचले. भर दुपार होती. अंगाला बोंबलाचा वास येत होता, लोक वळून बघत होते.

खालच्या ओट्यावर एक बाई तांदूळ निवडत बसली होती. मला बघून म्हणाली, "कोण पाहिजे?"

आता सांगा, मी काय सांगणार होते? तुमचं नाव मला घेता येत नाही. लग्नाला एवढी वर्षं झाली, ते नाव मी एकदाही तोंडातून काढलं नाही. उखाण्यातसुद्धा "भागुबाईंचे लेक" म्हणून वेळ मारून नेलेली मी. "माझा नवरा" म्हणायला तोंड उघडलं आणि वाटलं, ही विचारील कुठला, तर पुन्हा नावच सांगावं लागेल. म्हणून म्हटलं, "कार्डं करतात ना, होडीची, ते रंगारी."

"म्हंजे आमचे जावई," ती बाई म्हणाली. "कार्ड विकत पायजेत का? सरळ वर जा. दोघंबी वरच बसल्यात कामाला. नवीनच लगीन झालंय, तेवढं जरा खाकरून जा."

हसली ती. वेणूबाई त्या ह्याच, हे तेव्हा कळलं. चांगली बाई दिसली मला, खोटं कशाला बोलू. तिला काहीच माहीत नव्हतं. तुम्ही तिलाही फसवलंत.

मी जिना चढले. खाकरले नाही. दार उघडं होतं. तुमची पाठ माझ्याकडं. पलीकडं ती बसलेली, मान खाली, दोन्ही अंगठे हीरावर. माझ्यासारखेच. नखं पांढरी पडेस्तोवर दाबायचे हे तुम्ही तिला शिकवलंत, नाहीतर कोणाला सुचतं? आणि ती मान वर न करता म्हणाली, "तुळशीराम, बोळा ओला झालाय. पिळून घे की."

असं नाव घेतलं तिनं. दूधवाल्याला हाक मारावी तसं. तुम्ही म्हणालात, "घेतो गं."

मी जे नाव जपून ठेवलं, ज्याच्यापायी अंगणातल्या झाडाला नुसतं 'ती' म्हणते, ते नाव तिच्या तोंडात असं सहज होतं. तुम्ही तिला माळ घातलीत हे कळलं तेव्हा मी जिन्याचा कठडा धरला होता, पण ते मी गिळलं. हे मात्र गिळता येईना. मी तशीच खाली उतरले. बाई म्हणाली, "काय झालं? कार्ड न्हाय घेतलं?" मी म्हटलं, "माझ्याकडं आहेत."

त्या दोन रेघा मी काढल्या होत्या. माझी युक्ती, माझे अंगठे, माझी जागा. माणूस दुसरी बाई करतो, जगात होतं असं, पंच बसतात, भांडणं होतात. पण तुम्ही तिला माझ्या जागेवर माझ्याच पद्धतीनं बसवलंत आणि त्याच कार्डावर मला "शुभ दीपावली" लिहून पाठवलंत. तिनं धरलेली होडी मला. लाज कशी वाटली नाही तुम्हाला?

आईंना मी अजून काही बोलले नाही. परत आले तर त्यांनी विचारलं, "भेटला का?" मी म्हटलं, वेळ झाला नाही. त्यांनी माझ्याकडं बघितलं आणि चुलीत लाकूड सारलं.

तुम्हीच त्यांना काय ते लिहा. मी वाचून दाखवीन. या वेळी पदरचं काही घालणार नाही.

केसर


भरडखोल
ता. १८ ऑक्टोबर १९५७

तुळशीराम,

पाकीट हातात घेतल्यावरच चमकला असशील. अक्षर मास्तरांचं नाही. पाकिटावरचं नाव मीच लिहिलं आहे, आणि हे वरचंही. पहिल्यांदा लिहिताना 'ळ' बिघडला, कागद फाडून पुन्हा लिहिलं. काही झालं नाही. आभाळ होतं तिथंच आहे.

तुझं पत्र आलं होतं. एवढे महिने गप्प बसलास आणि लिहिलंस ते काय, तर, "झालं ते झालं. तू आईजवळच राहा, मी दरवर्षी येत जाईन. आईला एकदम सांगू नकोस, तिला सोसणार नाही." आणि खाली, "आपला मूळ पत्रा पाठवून दे. इथला पुठ्ठ्याचा शाईनं फुगून वाया गेला. या दिवाळीला कार्डांची मागणी फार आहे. कोणाबरोबर तरी जपून पाठव, वाकू देऊ नकोस."

मी ते दोनदा वाचलं. बायकोबद्दल "राहा" एवढंच, आणि पत्र्याबद्दल "जपून".

आईंना सगळं वाचून दाखवलं. एक शब्द गाळला नाही. कमळचं नावसुद्धा वाचलं. मला वाटलं त्या कपाळ बडवून घेतील. त्या सुपातलं भात पाखडत होत्या, पाखडतच राहिल्या. मग म्हणाल्या, "ह्ये तू मला आज सांगतेस?"

मी म्हटलं, "तुम्हाला माहीत होतं?"

"वाचता येत न्हाय मला. पन तुमी दोघं त्या ओटीवर बसून करायचात, ते मी ह्याच डोळ्यांनी बघितलंय. गेल्या साली ती होडी आली, अशी चकचकीत, तवाच समजले. त्यो एकट्यानं कधी अशी करंल? लहानपनापासून धांदरट. म्हटलं, कोनीतरी धरलंय. तू गप हाईस तर मी कशाला बोलू. तुला वाटत आसंल, म्हातारीला न्हाय कळलेलं बरं."

एक वर्ष आम्ही दोघी एकाच घरात एकमेकींपासून तेच लपवत होतो. तुझ्यापायी. मी तुझी खोटी पत्रं वाचत होते आणि त्या खोटं खोटं ऐकत होत्या. "आईची आठवण येते" हे वाक्य माझं होतं, तेही त्यांना माहीत होतं. म्हणाल्या, "त्यो असं कवा लिवत न्हाय. पन तू वाचायचीस तर बरं वाटायचं."

त्या वेळी मी रडले. तुझ्यासाठी नाही.

मग पत्र्याचं विचारलं. म्हटलं, काय करू, पाठवू? त्यांनी सूप खाली ठेवलं. "ती होडी कुनाची? माज्या घोवाची. त्याच्या हातानं कापली म्हनून ती त्याची झाली का? न्हाय द्यायची. मुंबईला जाऊन त्यानं रंग शिकला, होड्या तिथं कुठं हायत? त्याला नवी होडी कापू दे. मोटार कापू दे." आणि उठून माळ्यावरून पत्रा काढला, पदरानं पुसला, माझ्यापुढं ठेवला. "शाई कालव," म्हणाल्या.

दुपारी आम्ही ओटीवर बसलो. त्यांच्या हातांना सवय नाही. पहिल्या दोन कार्डांवर हीर निसटला, शाई त्यांच्या नाकाला लागली. बुधाजी तांडेल पायरीवर येऊन म्हणाले, "भागुबाय, ह्या वयात शाळंत जातेस व्हय?" आई म्हणाल्या, "तू तुजी होडी बघ, मला माजी बघू दे." तिसऱ्या कार्डाला त्यांचे अंगठे बसले. मी बोळा फिरवला. आजवर बोळा तू फिरवायचास, मला वाटायचं ते मोठं काम. ते काही मोठं नाही. हात हलका ठेवायचा, एवढंच.

ते तिसरं कार्ड पाठवते आहे. बघ, कड कशी आली आहे. शिडावर दोन रेघा आहेत, सरळ. एका कोपऱ्यात अंगठ्याचा निळा ठसा उठला आहे, तो पुसू दिला नाही त्यांनी. म्हणाल्या, "राहू दे. त्याला कळू दे कुनी धरलं ते."

"शुभ दीपावली" लिहिलेलं नाही. मास्तरांनी विचारलं तेव्हा आई म्हणाल्या, शुभ बघायला त्याला तिथं माणसं आहेत. मास्तरांना शाळेसाठी कार्डं हवी आहेत, दिवेआगरच्या दुकानदारानंही निरोप पाठवला आहे. आम्ही दोघी करू. पत्रा इथंच राहील.

तू यायचं म्हणतोस. ये. आईंचं घर आहे, तुला कोण नाही म्हणणार? सोडे त्यांनी मांजराला घातले तेवढे विचारू नकोस. पण माझ्यासाठी म्हणून येऊ नकोस. पंचांना मी फारकतीचं सांगितलं आहे, ते लिहितील तुला. कमळला माझा राग नाही असं म्हणणार नाही, आहे. पण तिला एक निरोप दे. कार्ड नीट निघालं की शाबासकी बोळ्याला मिळते. अंगठे कोणी बघत नाही. तिनं तुझ्या हातावर लक्ष ठेवावं.

अंगणात रोज सकाळी पाणी घालते, पूर्वीसारखंच. काल आई नेहमीसारख्या म्हणाल्या, "कुनाला पानी घातलंस गं?" मी नाव घेऊन सांगितलं. त्या हसल्या नाहीत. जवळ आल्या, माझ्या हातातली तपेली घेतली आणि उरलेलं पाणी त्यांनी घातलं.

तुळस बरी आहे.

केसर